पाणी सोडण्याआधी

आमच्याकडे हिशेब शेवटापासून सुरू होतो.
मेअखेर. डोंगरावरचा बर्फ वितळून खाली येतोय,
धरण काठोकाठ, सांडवा वाहतोय,
तिथे पाण्याला कवडीची किंमत नाही.
तिथून एक आठवडा मागे यायचं. मग अजून एक.
एप्रिल, मार्च, उणे अठ्ठावीसचा फेब्रुवारी,
आणि दर चौकटीत एकच आकडा मांडायचा:
या आठवड्यात, एवढं पाणी हाताशी असताना,
इथून पुढे जास्तीत जास्त भलं किती.

टूर्लाइफ हे कागदावर करायचा.
बावन्न आठवडे आडवे, वीस पातळ्या उभ्या,
स्वयंपाकघरातलं टेबल हिवाळाभर जेवायला मोकळं नाही.
अकराव्या आठवड्यावर कॉफीच्या कपाचा गोल डाग.
एकदा काढलेलं उत्तर पुन्हा काढायचं नाही, म्हणायचा,
लिहून ठेवायचं आणि गरज पडली की बघायचं.
आळशी माणसाची विद्या आहे ही, ऑस्ने,
पण आळस नीट करावा लागतो.

आणि बर्फ किती पडणार?
ते त्यालाही माहीत नव्हतं.
तो तीन हिवाळे पंगतीला बसवायचा:
कोरडा, बेताचा, खिडक्या बुजवणारा.
ज्याचा जेवढा वाटा तेवढं त्याच्या पुढ्यात वाढायचा.
येणार तिघांतला एकच,
पण स्वयंपाक तिघांना धरून.

त्या जानेवारीत ऑस्लो गारठलं.
रात्री दोन वाजता भाव चौपट,
तक्ता म्हणाला, सोड.
मी तक्ता दोनदा पाहिला, खिडकीबाहेर एकदा,
आणि पाणी सोडलं.
सहा आठवडे सोडत राहिले.
मग हिवाळा आला तो कोरडा.
वाटा सर्वांत कमी होता त्याचा, दहात एक,
पण आला तोच, आणि जेवून गेला.

एप्रिलमध्ये तळ दिसला.
बर्गनहून दोन माणसं आली, टाय लावलेली.
हे कसं झालं, असं त्यांनी चार प्रकारे विचारलं.
मी म्हटलं, निर्णय बरोबर होता.
ते म्हणाले, मग पाणी कुठे आहे?
याचं उत्तर कुठल्याच चौकटीत नव्हतं.
टूर्लाइफला फोन केला. कानाने अधू झालाय,
मोठ्याने बोलतो: दान वाईट पडलं
म्हणून चाल वाईट होत नाही!
शेजारच्या खोलीतल्या त्या दोघांनाही ऐकू गेलं असावं.

रविवारी आई म्हणाली, मला खाली ने.
गाळ वाळून भेगाळलेला, तिच्या बुटांना चिकटत होता.
जोत्याचे दगड, चुलीची जागा, एक उंबरा.
अकरा वर्षांची होती ती, धरण बांधलं तेव्हा.
तिच्या बापाने एका कागदावर सही करून
या घरावर पाणी सोडलं,
मग सरकारने सोडलं, खरंखुरं.

मला वाटलं, रडेल.
तिने हातमोज्याने उंबरा पुसला आणि बसली.
मी बापडी तिला समजवायला लागले:
तक्ता मागचं विचारत नाही, आई.
इथवर कशी आलीस, कुणाच्या चुकीने,
त्याला काही देणंघेणं नाही.
आज कोणता आठवडा, किती पाणी उरलंय,
एवढं सांग, की पुढचं सांगतो.

बरं आहे त्याचं, ती म्हणाली.
मग बराच वेळ काही नाही.
वरच्या कड्यावरून एक दगड सुटून घरंगळला.

हे परत कधी बुडेल?

मी मनातल्या मनात मागे मोजलं, पुढे मोजलं,
तिन्ही वितळणी शेजारीशेजारी धरून.
मेचा तिसरा आठवडा, म्हटलं. बहुतेक.

बहुतेक, तिने शब्द चाखून पाहिला.
मग सरक थोडी, माझं दप्तर इथे असायचं,
असं म्हणून
थर्मासचं झाकण उघडायला लागली.